तोट्याचा कौल

माझ्या मरणात आमच्या घरच्यांना अचानक रस वाटू लागला, तो दोन दिवाळ्यांमागं. फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते. मी चकली चहात बुडवून मऊ व्हायची वाट बघत होतो, तेवढ्यात आमची मंगल समोर येऊन बसली आणि म्हणाली, "अवं, तुमचा इमा काढलाय का कुठं?"

चकली चहात पडली.

इतक्या वर्षांच्या संसारात मंगलनं माझ्याकडं साड्या मागितल्या, मिक्सर मागितला, शेजारच्यांनी केलं म्हणून पुढच्या खोलीला पीओपी मागितलं. पण मी गेल्यावर काय मिळेल, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. मी विचारलं, "आजच का आठवलं?"

"त्या गल्लीतल्या जयाबाईकडं बघा की. मालक गेल्यापासनं चहापत्ती संपली तरी सुनंला सांगावं लागतंय. सून म्हंती, 'आत्या, परवा तर आणली.' मला न्हाय तसं जगायचं. मला कुणाफुडं हात पसरायचा न्हाय."

कारण अगदी पटण्यासारखं होतं, आणि माझा घोटाळा तिथंच झाला. मी उभी नोकरी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कारकून म्हणून काढली. वखारीत पेन्शन मिळत नाही, शहाणपण मिळतं, आणि तेही एकच: पोतं वरून कितीही कोरडं दिसू दे, हात आत घालून बघायचा. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला माल नेहमी तळाशी असतो. पिरनवाडीत घर बांधून राहायला आलो, तरी ही सवय माझ्याबरोबर आली. दूधवाला हसला तरी मी आधी दूध बघतो. तेव्हा बायकोचं कारण वरून कोरडं लागलं, म्हणून तळाशी काय असेल, याचा मी विचार करू लागलो.

त्याच आठवड्यात मंगलनं माझ्या भातावर तूप वाढायला सुरुवात केली. एरवी तुपाचं भांडं माझ्यापासून चार हात लांब ठेवणारी बाई! मी भात खाल्ला, पण निवांतपणे नाही.

आमचे शेजारी सिद्रामाप्पा निवृत्त कंडक्टर आहेत. माणूस चढला की तो कुठं उतरणार हे मी तोंडावरून ओळखायचो, असं ते सांगतात. विम्याचं कानावर जाताच ते आमच्या कट्ट्यावर येऊन बसले.

"नागेंद्रअण्णा, इमा म्हंजे काय ठावं हाय का? पैज. तुमी म्हणायचं मी मरतो, कंपनी म्हणायची तू जगतोस. तुमी मेला तर तुमी जिकला. जगला तर कंपनी जिकली."

"म्हणजे जिंकायला मला मरायला पाहिजे?"

"तेच्याशिवाय जिकतच न्हाय." मग ते उठले, चप्पल पायात सरकवली आणि जाता जाता म्हणाले, "आता घरातली कुणाच्या बाजूनं हाईत, एवढं बघून ठेवा म्हंजे झालं."

असं बोलून माणसानं जाऊ नये. त्यानंतर मंगल फोनवर हळू आवाजात बोलायला लागली की माझे कान उभे राहायचे. "वय जास्त हाय, पर तब्बेत बरी हाय," असं तिनं कुणाला तरी सांगितलेलं मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. वखारीत आम्ही मालाबद्दल गिऱ्हाइकाशी अगदी याच सुरात बोलायचो.

पलीकडं निघाली माझी भाची प्रियदर्शनी. निपाणीला असते, विम्याचं काम करते. आमच्या भागात विम्याचा एजंट कधी परका नसतो; तो नात्यातच उगवतो, म्हणजे नाही म्हणायची सोय राहत नाही. ती पुढच्याच रविवारी फरसाणाचा पुडा आणि टॅबलेट घेऊन हजर झाली. औषधाची गोळी नव्हे, ती काचेची पाटी. तिच्यावर तिनं माझं वय टाकलं आणि जे आकडे उमटले, ते बघून माझं वय आणखी वाढलं.

"मामा, हा प्लॅन बघा. शेवटी सगळे पैसे परत."

"हप्ता केवढा!"

"केवढा म्हणजे, त्यात परतावा आहे ना."

"एवढा हप्ता भरायचा तर आम्ही दोघांनी जेवायचं बंद करायला पाहिजे. मग परताव्याची वाट कुणी बघायची?"

तिनं आणखी दोन-चार दाखवले. एकात पहिल्या काही वर्षांत मेलं तर फक्त भरलेलेच पैसे मिळणार होते, म्हणजे मरण्यातसुद्धा घाई करायची नाही. एकात गुडघ्यापासून हृदयापर्यंत सगळं वगळलेलं होतं. मग विमा नेमका कशाचा, केसांचा? शेवटी तिनं एक काढला. पंच्याहत्तरीपर्यंतचा, हप्ता खिशाला झेपणारा, आणि मंगलला मागं व्यवस्थित रक्कम.

"तुमच्या वयाला परवडणारा हा एकच आहे मामा."

परवडणारा म्हटल्यावर माझा हात आपोआप पोत्याच्या तळाकडं गेला. मी सगळ्या अटी वाचून काढल्या, कानडीतल्याही आणि इंग्रजीतल्याही. कुठं ओल लागली नाही. त्यानं माझा संशय आणखी पक्का झाला.

मग कंपनीचा फोन आला. बेंगळुरूहून कुणी मुलगी कानडीत बोलत होती. माझं कानडी बाजारापुरतं चांगलं आहे. नाव, वय, आजार सगळं नीट झालं. मग तिनं विचारलं, "सर, तंबाखूशी आपला कधी संबंध आलाय?"

आता हा प्रश्न निपाणीच्या माणसाला विचारायचा असतो का? माझी छाती भरून आली. मी म्हणालो, "कधी म्हणजे काय बाई, सगळा जन्म तंबाखूत गेला. सकाळी आठला जायचो तो दिवे लागले की बाहेर पडायचो. माझ्याइतका तंबाखू या भागात कुणाच्या हाताखालून गेला नसेल. घर त्याच्यावर, पोराचं शिक्षण त्याच्यावर."

पलीकडं काहीतरी भराभर टाइप झाल्याचा आवाज आला. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "आयतु सर." म्हणजे ठीक आहे. पण ते ठीक आहे अशा सुरात म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी हप्ता दुप्पट झाला. प्रियदर्शनी निपाणीहून फोनवर ओरडत होती, "मामा, ते खाता का विचारत होते! खाता का!" मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. पण कंपनीच्या लेखी मी दिवसाला एक वखार चावणारा इसम झालो होतो. ते पुसायला शहरातल्या प्रयोगशाळेत जाऊन लघवी द्यावी लागली, आणि तीही त्यांच्या माणसाच्या देखत, कारण लोक म्हणे दुसऱ्याची देतात. मी त्या माणसाला म्हणालो, "बाबा, मी हिशेब तपासणारा माणूस आहे." तो म्हणाला, "तपासणाऱ्यांवरच लक्ष ठेवाय लागतंय काका." त्या माणसाचा मला राग आला, पण त्याची पद्धत पटली.

अहवाल आला. तंबाखूचा लवलेश नाही, रक्त चांगलं, हृदय उत्तम. हप्ता पुन्हा खाली आला. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी तब्येत क्वचित बघायला मिळते. मी मंगलकडं पाहिलं. ती म्हणाली, "बरं झालं." पण किंचित उशिरा म्हणाली. त्या किंचित उशिरावर मी पुढचे काही दिवस काढले.

सही करायची तेवढी राहिली होती. तेव्हा मंगल म्हणाली, "आधी देवाला इचारू."

मंगलचं माहेर नंदगडच्या पुढं, जंगलाच्या तोंडाशी. तिकडं जमीन घ्यायची, सोयरीक जमवायची, गाय विकायची, काहीही असो, रवळनाथाला कौल लावल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. गुरव देवाच्या मूर्तीवर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि देवापुढं गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपलं म्हणणं मांडतो. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावल्या की देवळातला पंखा बंद, दार अर्धं ओढलेलं, आणि कुणी हलायचं नाही. या बाबतीत मंगल कडक. तिच्या सख्ख्या भावाला एकदा कौलाच्या वेळी शिंक आली, तर तिनं त्याला भर देवळातून बाहेर काढलं आणि त्या वर्षीच्या भाऊबीजेला गेली नाही. देवाच्या निकालात माणसाचा श्वाससुद्धा लागू नये, असं तिचं म्हणणं.

आम्ही चौघं गेलो. मी, मंगल, प्रियदर्शनी, आणि कुणी न बोलावलेले सिद्रामाप्पा. गुरवाचं नाव मष्णू. त्यानं पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि घसा साफ करून सुरू केलं.

"बा रवळनाथा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्यो तुझा जावई नागेंद्र इमा काढाय लागलाय!"

"व्हय महाराजा!"

"ह्या इम्यात तेचा फायदा व्हणार असंल, तर उजवी दे रं बाबा!"

"व्हय महाराजा!"

'महाराजा' हवेत असतानाच उजवी पाकळी टपकन पडली. इतक्या झटपट कौल म्हणे त्या देवळात कित्येक वर्षांत झाला नव्हता. गूळ वाटला गेला. मंगलचं तोंड उजळलं. मला मात्र आठवत होतं की, देवळात शिरताना प्रियदर्शनी मष्णू गुरवाला "तुमचा विमा आहे का काका?" असं विचारत होती. या कौलात गुरवाचं कमिशन किती, याचा मी मनात अंदाज बांधत होतो.

परतीच्या बसमध्ये सिद्रामाप्पा पुढच्या सीटवर उलटे फिरून बसले. "पोरी, ह्येनी पंच्याहत्तरी पार केली तर काय मिळणार?"

"काही नाही आप्पा. म्हणून तर हप्ता कमी आहे."

"आन् भरल्यालं पैसं?"

"गेले."

"म्हंजे जगलं तर तोटा."

"तसंच म्हणायचं."

सिद्रामाप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग ते माझ्याकडं, प्रवासी कुठं उतरणार ते बघावं तसं बघत म्हणाले, "अन् देवानं तर फायदा हाय म्हणून सांगितलंय."

बस खानापूरच्या स्टँडवर कधी थांबली आणि कधी सुटली, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. मी मंगलकडं बघितलं. तिच्या तोंडातला गूळ तसाच होता. ती तो गिळतही नव्हती आणि थुंकतही नव्हती.

त्या दिवसापासून आमच्या घरात मी काचेच्या बरणीसारखा ठेवला गेलो. गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात गेली. गच्चीवर जायचं बंद. मुलगा साईराज बेंगळुरूला संगणकात मोठ्या हुद्द्यावर आहे. तो फोनवर खो खो हसला. "बाबा, हे कसलं खूळ? पाकळी पडते त्याला फक्त ओलावा कारण असतो." मला बरं वाटलं. मग तो थोडं थांबून म्हणाला, "तरी पण बाथरूममध्ये कडी लावू नका." जयाबाई येऊन माझ्याकडं डोळे भरून बघून गेली आणि जाताना, आमची कधीची नेलेली खिसणी परत देऊन गेली. त्या खिसणीनं मी खरा घाबरलो.

मी म्हणालो, "एवढं आहे तर विमाच नको. प्रश्न मिटला."

"कसा मिटला?" सिद्रामाप्पा म्हणाले. "देवाला दिसलंय ते दिसलंयच. तुमी सही न्हाय केली आन् तरी गेला, तर माणूस बी गेला आन् फायदा बी गेला."

मंगल उठून आत गेली. आणि मला कबूल करायला पाहिजे की, त्या दिवसांत मला देवापेक्षा तिचीच जास्त धास्ती होती. जयाबाईसारखं जगायचं नाही, असं म्हणणाऱ्या बाईला देवानं सांगितलं होतं की, सही होऊ दे, तुझं भलं होईल. ती आता सही कर म्हणते की नको म्हणते, याची मी वाट बघत होतो. ती दोन्ही म्हणत नव्हती. स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. तिच्या मनातलं पोतं तेवढं माझ्या हाताला लागत नव्हतं.

तिकडं प्रियदर्शनी रोज फोन करत होती. तपासणीचा अहवाल शिळा व्हायच्या आत सही पाहिजे होती. शेवटी मंगलनं मष्णू गुरवाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "प्रश्नच उलटा पडलाय आक्का. तोच प्रश्न परत न्हाय इचारता येत, देव कोपतो. पर तोटा व्हईल का, असं इचारता येतंय. उजवी पडली तर तोटा. म्हंजे दाजी खुटखुटीत."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा अर्धं गाव देवळात होतं. बातमी आमच्या आधी पोचली होती. बायका नेहमीसारख्या देवाच्या उजव्या अंगाला, गाभाऱ्याच्या उंबऱ्याला लागून बसल्या. मंगल सगळ्यांत पुढं. मी मुद्दाम मष्णूच्या शेजारी बसलो. या खेपेला गुरवाच्या बोटांवरून नजर हलवायची नाही, असं ठरवलं होतं. पाकळी कशी लावतो, किती ओली लावतो, फुंकर मारतो का, सगळं बघणार होतो. त्यानं पाकळ्या लावल्या. सरळ लावल्या. पंखा बंद झाला.

"बा रवळनाथा! ह्या इम्यात तुझ्या जावयाचा समदा हप्ता पाण्यात जाऊ दे!"

"व्हय महाराजा!"

"कंपनीकडनं ह्येला एक दमडी बी मिळू नये!"

"व्हय महाराजा!"

"ह्येचं असं नुकसान व्हऊ दे, असं नुकसान व्हऊ दे, की पंच्याहत्तरी झाल्यावर ह्येनं कपाळावर हात मारून घ्यावा!"

"व्हय महाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज प्रियदर्शनीचा होता. तिच्या खांद्याला कंपनीचं नाव छापलेली पिशवी होती.

"असा तोटा व्हणार असंल, तर उजवी दे रं बाबा!"

मग शांतता. पाकळी पडेना. माझ्या पायाला मुंग्या आल्या. सिद्रामाप्पांनी जांभई गिळली. मी मष्णूच्या हातांकडं बघत होतो; ते जोडलेले होते. मग मला दिसलं की, देवाच्या डाव्या अंगाची पाकळी वरून सुटायला लागली आहे. आधी कोपरा उचलला, मग अर्धी मोकळी झाली आणि खाली वळली. उजवी तशीच घट्ट होती. देवळातल्या सगळ्यांनी ते बघितलं असणार, कारण कुणी श्वास घेत नव्हतं. मला एवढंच वाटलं की, मी विनाकारण एवढी वर्षं चकली चहात बुडवत बसलो, कडक खायला पाहिजे होती.

त्याच वेळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला हालचाल दिसली. मष्णूची नव्हे. मंगलनं मान खाली घातलेली होती, जणू नमस्कारच करते आहे. आणि डोक्यावरून घसरलेला पदर सावरावा तसा तिनं तो उचलला आणि झटकला. साधा नाही झटकला. उन्हात वाळवण झटकतात, तसा सणकून झटकला. समईची वात आडवी झाली. उजवी पाकळी सुटली आणि देवाच्या पायावर पडली. त्याच्या मागोमाग डावी.

"उजवी! उजवी पडली! तोटा! तोटा!" देऊळ दणाणून गेलं. सिद्रामाप्पांनी मला मिठी मारली. प्रियदर्शनी रडत होती. सगळ्यांचे डोळे पाकळीवर होते, त्यामुळं पदर कुणी बघितला नाही. फक्त मी बघितला, कारण मी चोर पकडायला बसलो होतो.

मंगलनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. पुटपुटत ती देवाला काय सांगत होती, ते मला ऐकू आलं नाही, पण दोन्ही हातांनी तिनं आपले कान धरले होते. शिंकेसाठी भावाची भाऊबीज तोडणारी बाई! जिच्याकडं मी तूप वाढल्याबद्दल संशयानं बघत होतो, आणि जिनं 'बरं झालं' म्हणायला उशीर केला म्हणून दिवस मोजत होतो. मला माझी लाज वाटली, आणि इतका आनंद झाला की, मी बाहेर येऊन देवळाच्या पायरीवरच सही करून टाकली. मष्णूनं साक्षीदार म्हणून अंगठा पुढं केला; प्रियदर्शनी म्हणाली, काका, त्याची गरज नाही.

परतीच्या बसमध्ये मी मंगलच्या शेजारी बसलो. जरा वेळानं म्हणालो, "आज देवळात वारा लई होता न्हाय?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "असंल." मग थोड्या वेळानं, "तुमी गप बसा बघू." आणि तिनं माझा हात धरला, बस हलत होती म्हणून.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. वर्षातून एकदा मंगल रवळनाथाला नारळ ठेवायला जाते. कशासाठी, ते ती सांगत नाही. मी विचारत नाही; पिशवी तेवढी धरतो. आणि ज्या दिवशी हप्ता कापला गेल्याचा बँकेचा मेसेज मोबाईलवर वाजतो, त्या दिवशी आमच्या घरात शेवयांची खीर होते. तूप आता हिशेबानं असतं. तब्येत सांभाळायला पाहिजे, तोटा पुरा व्हायचा आहे. ती वाटी माझ्यापुढं ठेवते आणि समाधानानं म्हणते, "चला, ह्या वर्साचं पैसं बी बुडालं."

"व्हय महाराजा," मी म्हणतो.